द्रिना मावशीच्या हातांना काय चालत नव्हतं

द्रिना मावशी गेली, तिच्या आठव्या दिवसाचं सगळं आटपलं, मागून आणलेल्या खुर्च्या परत गेल्या, आता घरात तिच्या पानांचा वास तेवढा राहिलाय. आठव्याला लोकांनी द्रिना मावशीच्या पुष्कळ गोष्टी सांगितल्या. कुणी म्हणालं तिने पानांच्या पाण्याने आंघोळ घातली आणि कोर्टातली केस सुटली. कुणी म्हणालं पळालेला नवरा छत्री विसरल्यासारखा परत आला. असेल. पण तिच्या हातांची गोष्ट जो तो आपापल्या मनाने सांगत होता, आणि एकाचीही धड नव्हती. ती झाली होती ती अशी.

आमच्या सुरिनाममधे पारा भागात पानांचं काम करणाऱ्या बायका गावोगाव आहेत. पण द्रिना मावशीकडे लोक पारामारिबोहून दोन बस बदलून यायचे. तिची रीतच वेगळी होती. झाडाकडे गेली की आधी बोलणं. पान तोडायच्या आधी झाडाला सांगायची, हे अमक्यासाठी नेतेय, त्याच्या आईचं नाव हे, बापाचं नाव हे, बापाचं घराणं हे, आणि त्याला असं असं झालंय. मग जरा थांबायची. का थांबतेस विचारलं तर म्हणायची, "अगं, कुणाकडे काही मागितलं तर त्याला विचार करायला वेळ नको का द्यायला?" एकट्या झाडाचं पान घ्यायची नाही, आजूबाजूला त्याची भावंडं असतील तरच. भर दुपारी नाही, दुपारी झाडं डुलकी काढतात. सुरी नाही, पाटा नाही, मिक्सरचं तर नावच नको. मातीच्या मोठ्या परातीत ओढ्याचं काळं पाणी, त्यात पानं, पांढरी माती, चिमूटभर नीळ, गोड वासाचं अत्तरपाणी, कधी अर्धी बाटली बीअर, आणि ते सगळं हातांनी कुस्करायचं. तासभर. पाण्याला फेस येऊन ते हिरवंगार होईपर्यंत. "पान सुरीला भितं, हाताला भीत नाही," असं तिचं म्हणणं.

म्हणजे सगळा खेळ हातांचा.

आणखी एक नियम होता तिचा. पानं हाताळणाऱ्या बाईने परक्या घरी जेवायचं नाही. मावशी लग्नाला जायची, वाढदिवसाला जायची, नाचायची सगळ्यांच्या आधी, पण जेवायला बसायची ते स्वतःचा डबा उघडून. तिच्याकडे तीन पोरी शिकायला होत्या, त्यांनाही तिने हा नियम घातला होता. त्यातली मार्लीन लग्न ठरल्यावर सासरी पहिल्यांदा गेली ती डबा घेऊनच. सासूने जे तोंड फिरवलं ते कायमचं.

मावशी अठ्ठावन्न वर्षांची होती तेव्हाचं हे. मे महिना संपता संपता तिच्या बोटांच्या बेचक्यात खाज सुटली. तिला वाटलं साबण बदलला म्हणून असेल. मग कातडीला भेगा पडल्या, मग तळहातावर खवल्यासारखे पापुद्रे आले, मनगटापर्यंत लालभडक. परातीत हात घातला की जीव जायचा. आणि नुसतं दुखणं असतं तर तिने दात खाऊन सोसलं असतं. पण आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, फुटलेल्या हाताने कुस्करलेलं पाणी अंगावर घेत नाहीत. आंघोळ अंगातली पीडा काढायला असते, दुसऱ्याची घ्यायला नाही.

लान्तवेल्टांची मोठी बाई, मा एस्सेलिन, ती तर तोंडावर बोलायला कमी करायची नाही. दरवर्षी वर्ष संपायच्या आदल्या दिवशी त्यांचं अख्खं खटलं मावशीकडे यायचं, म्हातारे, पोरंबाळं, हॉलंडहून आलेले सुद्धा, बेचाळीस डोकी. ऑगस्टमधे ती आली आणि मावशीचे हात धरून उलटेपालटे करून बघितले.

"द्रिना, हे हात आहेत की इग्वानाची पाठ?"

"बरे होतील."

"होऊ देत. झाले तर आम्ही येऊ. नाही झाले तर मला वाईट वाटेल, पण मी माझी पोरं फ्रेद्रिकाकडे नेईन. आणि एकदा नेली की मग तिकडचीच, तुला माहितेय मला सारखे उंबरठे बदलायला आवडत नाही."

ती गेली आणि मावशी पायरीवर बसून राहिली. पस्तीस वर्षं हेच केलं होतं तिने. नवरा नाही, मूल नाही, शाळा चौथी. हात गेले की राहिलं काय?

पण मावशी रडत बसणाऱ्यातली नव्हती. तिला एखादी गोष्ट कळली नाही की तिचे डोळेच बारीक व्हायचे, मांजरीने पाल बघावी तसे. सरकारी दवाखान्यातलं मलम लावून झालं. मग तिच्या मनात आलं, कुठलं तरी झाड आपल्यावर रागावलंय. कुठलं? तिने दहा बोटांना दहा रंगांचे दोरे बांधले आणि रोज प्रत्येक बोटावर एकाच झाडाचं पान चोळायला लागली. लाल दोरा सांग्राफूचा, पिवळा रानतुळशीचा, असं. ज्या झाडाचा राग असेल ते बोट जास्त चिघळेल, म्हणजे कळेल. बारा दिवस ती दोरे बांधून फिरत होती. मासेवाला सुखराज मोपेडवरनं उतरून विचारायचा, "सिसा द्रिना, आज कुठल्या बोटाची काय खबर?" बाराव्या दिवशी दहाही बोटं सारखीच फुटलेली. कुठल्याच झाडाचा राग नव्हता. तरी तिने जाता जाता सगळ्यांची माफी मागून घेतली, काय सांगावं.

ऑक्टोबर गेला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिने मान खाली घातली आणि स्वतःच फ्रेद्रिकाकडे गेली.

फ्रेद्रिका पलीकडच्या गावची. तीही पानांचं काम करायची, आणि दोघींचं काही फार बरं नव्हतं. फ्रेद्रिका ओट्यावर बसून भेंडी चिरत होती. तिने मावशीला बघितलं, मावशीचे हात बघितले आणि भेंडी बाजूला ठेवली. चेष्टा केली नाही, हे मावशीने मरेपर्यंत लक्षात ठेवलं. पाच मिनिटं नुसती बघत होती, वास घेतला, एक पापुद्रा नखाने उचलला.

"हा झाडाचा राग नाही. हे पोटातनं आलंय. त्रेफू मोडलंस तू."

त्रेफू म्हणजे ज्याला त्याला बापाकडून आलेलं न चालणारं खाणं. कुणाला हरीण चालत नाही, कुणाला एखादं रताळं. बापाला चालत नव्हतं ते मुलाला चालत नाही. खाल्लं तर कातडीवर उठतं. आमच्याकडे हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं.

"माझं त्रेफू कासव," मावशी म्हणाली. "बापाला चालत नव्हतं. मी आयुष्यात जिभेला लावलं नाही."

"बापाला चालत नव्हतं?"

"नाही."

"मग बाई, घरी जा आणि आईला विचार, कासव नक्की कुणाच्या बापाचं."

मावशीने हात मागे घेतले. फ्रेद्रिकालाही वाटलं आपण जरा जास्तच बोललो, म्हणून ती उठली, ताटलीत भात आणि भेंडीचं कालवण घालून पुढे ठेवलं. मावशीने ताटली सरकवली.

"नको गं. आपल्याला परक्या घरी कुठे चालतं?"

"आपल्याला म्हणजे कुणाला?"

"पानांचं काम करणाऱ्यांना."

फ्रेद्रिका तिच्याकडे बघतच राहिली आणि मग असं हसली की हात लागून चिरलेली भेंडी ओट्यावरनं खाली. "अगं मी आख्ख्या पाऱ्यात जेवलेय! माझी आई जेवली, तिची आई जेवली! आम्हाला लोक आंघोळीला कमी आणि जेवायला जास्त बोलावतात! हा नियम कुणी सांगितला तुला?"

"आईने."

हे तोंडातनं निघालं आणि मावशीचे डोळे बारीक झाले.

परत येताना बसमधे खिडकीपाशी बसली. आता तिला हातांचं दुखणं जाणवतच नव्हतं, डोक्यात नुसती चक्रं. आपण हात कधी फुटले ते बघत होतो, कशाने फुटले ते बघत होतो. पण त्याच्या आधी घरात काय बदललं? एप्रिलमधे आजीची, म्हणजे मावशीच्या आईची, कंबर धरली आणि तिने चूल सोडली. अठ्ठावन्न वर्षं मावशी आईच्या हातचं खात होती. एप्रिलपासून ती स्वतः रांधायला लागली. म्हणजे मी काय खातेय हे नाही बघायचं, ती म्हणाली स्वतःशी. आईने कधीच काय केलं नाही, ते बघायचं.

थांबा यायच्या आत तिला कळलं. क्विक्वी.

क्विक्वी म्हणजे तो अंगावर चिलखत असलेला ओढ्यातला मासा. पाऱ्यात ज्याच्या त्याच्या घरी शिजतो. आजी तेवढी कधी करायची नाही. "कोण ते चिलखत सोलत बसणार, बोटं रक्ताळतात," असं म्हणायची, आणि तीच बाई खेकडे मात्र डझनाने फोडायची. मावशीला लहानपणापासून त्या माशाचं अप्रूप. चूल हातात आल्यावर तिने पहिली गोष्ट काय केली असेल तर सुखराजकडून क्विक्वी घेतला, आणि मग दर आठवड्याला. आणि दोनदा तर आजीने कालवणाचं भांडंच पाडलं होतं. "दिसत नाही गं मला, लागला हात." दिसत नव्हतं, पण सुईत दोरा अजून तीच ओवून द्यायची.

मावशीने घरी येऊन धाकट्या बहिणीला, म्हणजे आमच्या आईला फोन लावला.

"आईने कधी क्विक्वी केलेला आठवतो तुला?"

"छे. मी इथे सासरी आल्यावर पहिल्यांदा खाल्ला. आता तर आवडतो. का गं?"

"काही उठलं नाही अंगावर?"

"उठतंय कशाला? माझं कासव ना, तुझ्यासारखंच. ते एकदा चुकून खाल्लं तर तोंड भोपळ्याएवढं झालं होतं. तुला काय झालं?"

"काही नाही," मावशी म्हणाली.

आजी त्र्याऐंशीची, गॅलरीत वेताच्या खुर्चीत. मावशीने सरळ विचारून बघितलं. "आई, माझं त्रेफू काय?" आजी म्हणाली, "कासव." "अजून काही?" "कासव सांगितलं ना." मग आजीला ऐकू येईनासं झालं. तिला नको ते विचारलं की तिचे कान तात्पुरते बंद व्हायचे. तीन दिवस ती मूग गिळून बसली.

चौथ्या दिवशी मावशीने क्विक्वी आणला. नारळाच्या दुधात, मसाला घालून, वास कोपऱ्यापर्यंत गेला. वाडगा घेऊन ती आजीच्या समोर स्टुलावर बसली.

"परत तेच?" आजी म्हणाली.

"परत तेच."

"मला नको."

"तुला कुठे देतेय. माझं आहे." मावशीने फुटलेल्या बोटांनी एक मासा उचलला.

"गरम असेल."

"फुंकलाय."

"काटा जाईल घशात."

"काढलाय."

मावशीने घास तोंडापाशी नेला. आजीचे हात खुर्चीवर घट्ट झाले.

"द्रिना."

"काय गं आई?"

"ठेव खाली."

मावशीने ठेवला. आजी रस्त्याकडे बघत होती. बघता बघता म्हणाली, "एवाल्ट नाव होतं. तिकडे कोरोनी जिल्ह्यातला. रेल्वेच्या पुलाची लाकडं बदलायला माणसं आली होती, त्यातला. तीन महिने होता. पूल झाला, गेला. तेव्हा तू पोटात आहेस हे मलाही माहीत नव्हतं."

"आणि बाबा?" बाबा म्हणजे लेओनार्ड, ज्याचं नाव मावशीने जन्मभर लावलं.

"त्याला लग्नाआधी सांगितलं मी. म्हणाला, ठीक आहे. मला वाटलं सरळ आहे, बोलून गेला, पुढे टोचेल. तू दोन वर्षांची झालीस, मी क्विक्वी केला. लेओनार्डला क्विक्वी म्हणजे जीव की प्राण. तुला एक घास भरवला आणि तुझ्या अंगावर हे असं उठलं. तो बघत राहिला. मग उठला, भांडं उचललं आणि ओढ्यात ओतून आला. म्हणाला, लुक्रेस, हा मासा आता या घरात नको. पोरीने विचारलं तर सांग, तिच्या बापाला कासव चालत नाही." आजीने नाक ओढलं. "मरेपर्यंत खाल्ला नाही त्याने. शेजारी शिजला की दार लावून घ्यायचा."

मावशीने वाडगा लांब सरकवला. मग तिने विचारलं, "आणि परक्या घरचं जेवण?"

"ते माझं डोकं," आजी म्हणाली, आणि त्यात थोडी फुशारकी होतीच. "तू पानांच्या मागे लागलीस, घरोघर फिरायला लागलीस. प्रत्येक घरात क्विक्वी. कुठे कुठे पुरी पडणार मी? म्हटलं, पानांवर ढकलावं."

"आई! तीन पोरींना शिकवलं मी ते! मार्लीनची सासू अजून तिच्याशी बोलत नाही!"

"मग आता सांग तिला जेवायला."

मावशी हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले, आणि हातांनी पुसता येईनात म्हणून तिने खांद्याला पुसले. आणि मग एकदम थांबली. "म्हणजे मी माझ्यासाठी पान तोडताना पस्तीस वर्षं झाडांना बापाचं नाव चुकीचं सांगतेय."

"हो."

"तरी ती द्यायची. का देत असतील?"

"मला काय विचारतेस? झाडं तुझ्या ओळखीची."

मासा सोडला की हात बरे होतील, हे तर झालंच. पण नुसतं तेवढ्याने भागत नाही. त्रेफू मोडलं की बापाच्या घराण्याची माफी मागायची असते, नाव मोठ्याने घेऊन, पानांच्या पाण्याने. आणि ते पाणी आपलं आपल्याला कुस्करता येत नाही. मार्लीन म्हणाली मी करते. मावशी म्हणाली, "नाही. जिने झाकलं तिनेच उघडायचं."

त्या रविवारी सकाळी आजीला मावशी आणि मार्लीनने धरून ओढ्याकाठी नेलं. रानतुळशीपाशी तिला उभी केली. आजी पुटपुटली काहीतरी.

"मोठ्याने, आई."

"झाड बहिरं आहे का?"

"झाड नाही. मला ऐकायचंय."

मग आजी म्हणाली, हे माझ्या द्रिनासाठी, आई लुक्रेस, बाप कोरोनीचा एवाल्ट. पहिल्यांदाच ते नाव उघड्यावर आलं. आजी जरा थांबली, पान तोडायच्या आधी, मावशी थांबायची तशीच. मग परातीत तिचे ते वाळक्या काटकीसारखे हात फिरायला लागले. निम्म्यात दमली, बसली, परत सुरू केलं. पाणी काही धड हिरवं झालं नाही. मावशीने एकदाही टोकलं नाही. भोपळ्याच्या कवटीने पहिलं पाणी आजीने लेओनार्डचं नाव घेऊन जमिनीवर ओतलं. "तू झाकलेलं उघडलं, रागवू नकोस," एवढंच म्हणाली. दुसरं एवाल्टच्या घराण्याची माफी मागत मावशीच्या डोक्यावर.

मावशीला कुठलं गप्प बसवतंय.

"उंच होता?"

"होता."

"गायचा?"

"शिट्टी वाजवायचा. भसाडी."

"झाडांचं काही कळायचं त्याला?"

"लाकडं कळायची. कुठलं पाण्यात टिकतं, कुठलं नाही. द्रिना, तोंड मिट, पाणी जाईल."

"डावखुरा होता का गं?"

"मिट म्हटलं ना!"

तीन आठवड्यांत पापुद्रे गळून गेले. खालची कातडी आधी गुलाबी दिसत होती, मग रोजची झाली. कोरोनीला तिने निरोप पाठवला होता. तिकडून एका पुतण्याचं उत्तर आलं की एवाल्टकाका जाऊन वीस वर्षं झाली, आणि हो, आमच्या घरात क्विक्वी कुणी खात नाही, तुम्ही कोण?

वर्ष संपायच्या आदल्या दिवशी सकाळी लान्तवेल्टांच्या तीन छोट्या बसगाड्या दारात लागल्या. त्याआधी कुणालाच ठाऊक नव्हतं त्या येतील की नाही, मावशीलाही नाही. तिने तरी चार पराती भरून ठेवल्या होत्या. मा एस्सेलिन उतरली, काठी टेकत सरळ मावशीपाशी आली आणि तिचे दोन्ही हात धरून उन्हात उलटेपालटे केले. बोटांच्या बेचक्यांत बघितलं. मागे एकेचाळीस जण माना उंच करून बघत.

"काय होतं एवढं?"

"मासा."

"कसला मासा?"

"बापाकडचा," मावशी म्हणाली. "डोकं खाली कर."